नागझरीचा रंग

बुरूड आळीच्या मागच्या बोळात
गोदामाची आणि माझ्या खोलीची मिळून एकच भिंत,
सत्तावीस फूट.
मला कुठं माहीत? ऋजुता टेप घेऊन आली
आणि माझ्याच भिंतीची लांबी मला सांगून गेली.

दर रविवारी यायची ती पोरं, कोथरूड-कर्वेनगरहून.
पगार कुणालाच नाही, चहासुद्धा ज्याचा त्यानं.
आधी भिंत खरवडली :
मूळव्याध, दहावी नापास, भाड्यानं खोली,
आणि निवडून न आलेल्या कुणाचं तरी
अर्धं हसू, ते काही केल्या निघेना.
परांचीला बांबू आळीनं दिले,
परत करायच्या बोलीवर.

काढायची होती नागझरी. जुनी,
नाला व्हायच्या आधीची.
निळी, ऋजुता म्हणाली.
आता माझा धंदा फॉल-पिकोचा.
निळी म्हटलं की मी विचारणारच, कुठली निळी?
रिळांचे तीन डबे बाहेर आले पायरीवर.
अस्मानी, आनंदी, मोरपंखी, चिंतामणी.
मच्छी मार्केटातला यासीन म्हणाला,
छे, पापलेटच्या पोटावर असते तसली.
ढमढेरे म्हणाले, हिरवट. शेवाळ होतं.
तुम्ही पाहिलंत?
वडिलांनी.

तीन रविवार यातच गेले.
पांढरा हात वाळला, त्यावर कुत्र्यानं पाठ घासली.

कोंडाबाई तिथंच बसलेली असते, कांबी काढत.
वय विचारलं तर म्हणते,
पानशेत फुटलं तेव्हा माझी थोरली पाळण्यात होती,
करा हिशेब.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.
सुरी न थांबवता म्हणाली,
पाण्याला कुठला गं रंग?
बांबू भिजत घालायला उतरायचो.
पाय दिसायचे.

सगळ्यांनी माझ्या रिळांकडं बघितलं.
मी डब्याला झाकण लावलं.

मग पाय.
वर्तमानपत्रावर एकेकाला उभं करून
ऋजुतानं खडूनं गिरवले.
पोरांचे आधी, गुदगुल्या होतात म्हणून ओरडत.
यासीनचे, गमबूट काढल्यावर पांढरेफटक.
ढमढेरे नाही नाही म्हणत
पुढच्या रविवारी नखं कापून आले.
माझा उजवा : टाचेला भेगा,
पायडल मारून मारून अंगठा आत वळलेला.
सरळ करू का, तिनं विचारलं.
म्हटलं, राहू दे, ओळखायला बरा.

भिंतीवर आता वाळू आहे, गोटे आहेत,
यासीनच्या हट्टापायी एक खेकडा,
आणि पाय, पाय, एकूण एकोणनव्वद.
एकोणनव्वद कसे ते विचारू नका,
कुणीतरी एकावरच उभं राहिलं असणार.

फोटो काढायला एकजण आला, म्हणाला,
नदी कधी काढणार?

पलीकडचा खरा नाला वाहतोच आहे.
त्या बाजूची खिडकी मी उघडत नाही.
चित्रानं वास जात नाही, हे मी ऋजुताला
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
माहितीये, म्हणाली, आणि ब्रश धुतला.
दिवाळीनंतर कुणी तरी एका घोट्यावर पान थुंकलं.
यासीननं बादलीनं धुतलं,
त्या घोट्याला अजून बांगड्याचा वास येतो.

आत मी मशीन मारते
तेव्हा भिंत थोडी थरथरते.
बाहेर माझाच पाय असतो, थेट त्याच उंचीवर नाही,
पण जवळपास.

काल कोंडाबाई आली, मोतीबिंदू पिकलाय.
भिंतीवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली.
पाणी दिसतंय का गं?
नाही, मी म्हटलं.
मग बरोबर आहे, म्हणाली,
आणि मला सुई ओवून मागितली.